पदवीचा ठसा साखळीवर टाकण्याआधी

परीक्षा विभागात मी नऊ वर्षं पडताळणीच्या टेबलावर काढली. उमेदवाराची पदवी खरी का, असं विचारणारं कंपनीचं पत्र यायचं, आम्ही रजिस्टर शोधायचो, बैठक क्रमांक जुळवायचो आणि उत्तर धाडायचो. तोवर तो माणूस नोकरीत रुळलेला असायचा. एकदा तर बनावट प्रमाणपत्रावरचा होलोग्राम आमच्या खऱ्यापेक्षा चकचकीत निघाला. पुढे पदव्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या, मागून बदलता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. त्यात शिकलो ते असं.

प्रमाणपत्र साखळीवर चढवायचं नसतं, चढवायचा फक्त त्याचा ठसा. नाव, पदवी, वर्ष, श्रेणी यांची फाइल करा आणि तिच्यावर एसएचए-२५६ हे ठसा काढायचं गणिती सूत्र चालवा. ६४ अक्षरांचा ठसा, म्हणजे हॅश, मिळेल. फाइलमधलं एक टिंब हललं तरी तो पार बदलतो. पण नाव आणि वर्ष ठाऊक असलेला कुणीही अंदाजाने फाइल बनवून हॅश ताडून पाहू शकतो, म्हणून प्रत्येक फाइलमध्ये एक लांबलचक, कसाही निवडलेला आकडा घाला.

देवनागरी नावं असतील तर इथेच थांबा. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जातं: एकसंध, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असं जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच, हॅश मात्र वेगळे. आमच्याकडे एका मुलीची अस्सल पदवी खोटी ठरली, आणि आडनावातल्या या एका अक्षरापायी मी दोन दिवस डोकं धरून बसलो. हॅश काढण्याआधी सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे एक अक्षर एकाच ठरलेल्या तऱ्हेने साठवणाऱ्या रूपात, आणा, नावांमधल्या जादा मोकळ्या जागाही काढा.

हजार पदव्यांसाठी साखळीवर हजार नोंदी करायची गरज नाही, सगळ्यांची एकच तुकडी करा. हॅशच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीचा नवा हॅश काढा आणि असंच वर चढत जा. १,०२४ पदव्या असतील तर दहा पायऱ्यांत एकच हॅश उरतो. साखळीवर तेवढाच नोंदवायचा. विद्यार्थ्याच्या फाइलसोबत दहाही पायऱ्यांवरचे जोडीदार हॅश द्यायचे, म्हणजे पडताळणाऱ्याला त्या एका हॅशपर्यंत पोचता येतं. हे सॉफ्टवेअर स्वतः लिहायच्या फंदात पडू नका. ब्लॉकसर्ट्स हे खुलं मानक २०१६ पासून आहे, आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २०१७ मध्ये १११ पदवीधरांना त्याच्याच आधारे डिजिटल पदव्या दिल्या.

खरी मेख किल्लीत आहे. सार्वजनिक साखळीवर कुणीही काहीही नोंदवू शकतो, तुमच्या संस्थेच्या नावानेसुद्धा. नोंद तुमची आहे हे कळतं ते डिजिटल सहीच्या किल्लीवरून: खासगी किल्लीने सही करायची, सार्वजनिक किल्लीने ती कुणालाही तपासता येते. म्हणून सार्वजनिक किल्ली संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठळक ठेवा. खासगी किल्ली एकाच्या संगणकावर नको. तिघांकडे तीन किल्ल्या द्या आणि कुठल्याही दोन सह्यांशिवाय तुकडी जाणार नाही अशी सोय करा. साहेब रजेवर गेले म्हणून किल्ली शिपायाकडे, हे प्रकार इथे चालत नाहीत.

आणि एक कटू गोष्ट. आतल्याच माणसाने आधी गुण वाढवले असतील, तर साखळी त्या खोट्याचीही इमानेइतबारे साक्ष देईल. तुकडी जाण्याआधी निकालाची यादी गुणांच्या मूळ नोंदवहीशी (लेजरशी) दोघांनी वेगवेगळी ताडावी. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे तेच टाळलं जातं.

साखळीवरची नोंद पुसता येत नाही, म्हणून रद्द पदव्यांची यादी निराळी ठेवावी लागते. तीत नाव नको, फक्त प्रमाणपत्राचा क्रमांक.

शेवटी चाचणी घ्या, तीही विभागाबाहेरच्या माणसाकडून. आम्ही एकाला तीन फाइली दिल्या होत्या: एक चोख, एक श्रेणी बदललेली, एक रद्द केलेली. बदललेली लगेच लाल झाली. रद्द केलेली मात्र चोख फाइलसारखीच हिरवी. रद्द यादीचा पत्ता फाइलमध्ये घालायलाच आम्ही विसरलो होतो. अख्खी तुकडी पुन्हा काढावी लागली.