‘गेट’चा अर्थ लागत नाही? पुढचा शब्द बघा

भाचीचा अभ्यास घेताना इंग्रजी ‘गेट’ने डोकं खाल्लं, डिक्शनरीत अर्थांची ही रांग! ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये युक्ती सुचली. ‘गेट’नंतर काय आलंय ते बघायचं.

१. वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं: गेट अ तिकीट.
२. अवस्था आली तर होणं: गेट वेट, म्हणजे भिजणं.
३. ‘टू’ आणि ठिकाण आलं तर पोहोचणं: गेट टू वाशी.

(‘आय गेट इट’ म्हणजे बहुधा ‘कळलं’.)

अप, ओव्हर, ऑफ आलं की मात्र जोडीच पाठ करायची, दुसरा इलाज नाही. आणि उतरताना आपण सर्रास म्हणतो ते ‘गेट डाउन’ पेपरात लिहू नका: लोकल-बसला ‘गेट ऑफ’, मोटारीला ‘गेट आउट ऑफ’.