जुनी डिझेल पिकअप सकाळी स्टार्ट होत नाही : माझा अनुभव

जालन्याच्या मोंढ्यात मोसंबी नेणारी आमची पिकअप रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून बॅटरी बसायची. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. बॅटरी, ग्लो प्लग (थंड इंजिन गरम करणारे प्लग), डिझेल फिल्टर बदलून झाले. अक्षरशः जीव मेटाकुटीला आला.

खरे कारण वेगळेच निघाले: टाकीपासून इंजिनाच्या डिझेल पंपापर्यंतची लाइन हवा ओढत होती. तिथे दाब नसून ओढ असते, म्हणून बाहेर डिझेल गळताना दिसत नाही. फिल्टर आणि पंपामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी लावली, बुडबुडे दिसले. मग टाकीकडून सुरुवात केली: आधी चिरलेली रबरी नळी आणि क्लिपा बदलल्या, नंतर बँजो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही तांब्याचे वॉशर नवे टाकले (जुने परत वापरू नका). शेवटी फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून हातपंप मारला. सलग डिझेल येताच, पंप दाबलेला असतानाच स्क्रू कसला. आता पहिल्या सेल्फला उचलते.