डायलिसिस टेक्निशियन होताय? आधी जाळी समजून घ्या

सांगलीत बी.एस्सी.ला असताना आम्ही सेलोफेनच्या नळीत स्टार्चचं द्रावण भरून ती आयोडीनच्या पाण्यात सोडली होती. थोड्या वेळानं नळीच्या आत निळंकाळं झालं, बाहेरचं पाणी पिवळसरच राहिलं. आयोडीनचे बारीक कण आत शिरले, स्टार्चचे मोठे रेणू आतच अडकले. अशा जाळीतून पदार्थ वेगळे करण्याला थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ साली डायलिसिस म्हटलं. हॉलंडमध्ये डॉक्टर कोल्फ यांनी १९४३ साली मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं रक्त साफ करायला फिरवलं, तेही सेलोफेनच्याच नळीतून.

मिरजेत कामाला लागलो आणि हा प्रयोग विसरून मशीनची बटणं पाठ करत बसलो. तुम्ही तसं करू नका. डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनला लावलेल्या रक्ताच्या गाळणीत, केसांसारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. आतून रक्त जातं, बाहेरून उलट्या दिशेनं डायलिसेट, म्हणजे क्षार मिसळलेलं शुद्ध पाणी. जाळीला चांगलं-वाईट कळत नाही, जिकडे कमी तिकडे पदार्थ जातो. म्हणून डायलिसेटमध्ये सोडियम रक्ताइतकंच ठेवतात, पोटॅशियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त. मिनिटाला ५०० मिली धरलं तर चार तासांत १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतं. त्यात क्लोरामाइन (नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक) राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात. आरओच्या, म्हणजे शुद्धीकरण यंत्रातून आलेल्या, पाण्याची तपासणी मी म्हणूनच कधी दुसऱ्यावर सोडत नाही.

तासगावच्या एका काकांचं रक्तातलं पोटॅशियम सोमवारी ६.८ आलं, म्हणजे धोक्याइतकं जास्त. काय खाल्लं विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई रं, बेदाणं निवडत बसलो हुतो, चार-दोन मुठी तोंडात टाकल्या." बेदाण्यात पोटॅशियम भरपूर, त्यात शुक्रवारनंतर डायलिसिसला दोन दिवसांची सुट्टी. आपल्या भागात हा प्रश्न विचारायलाच हवा.

पाणी काढणं ही वेगळी गोष्ट, ते दाबानं निघतं. एक मावशी अंगात पाणी साठून चार किलो वाढून आल्या होत्या. मी डॉक्टरांना न विचारता सगळं एकाच वेळी काढायला लावलं. तिसऱ्या तासाला पायात गोळे आले, बीपी पडलं. सिस्टरांनी पाणी काढणं थांबवलं, पाय वर केले, सलाईन दिलं. मशीन रक्तातलं पाणी ओढते. अंगात साठलेलं रक्तात यायला वेळ लागतो. मावशींचा पांढरा पडलेला चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

आणि फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातात शस्त्रक्रियेनं केलेली शीर-धमनीची जोडणी. त्या हातावर बीपीचा पट्टा बांधायचा नाही. सुई टोचण्याआधी बोटं ठेवा. थरथर लागली नाही तर सुई खाली ठेवा आणि डॉक्टरांना हाक मारा.