लिपीच्या दिसण्यावर रिसर्च करायचाय? आधी फॉन्ट बाजूला ठेवा

एमएचा प्रबंध असो, डिझाइनचा प्रोजेक्ट असो की नुसती हौस, "जगातल्या लिप्या अशा का दिसतात" हा विषय घेणारे बरेच जण "लिपी आणि संस्कृती" असलं भलंमोठं शीर्षक घेऊन बसतात आणि मग त्यात असे अडकतात की गाईडही वैतागतो. एवढं मोठं काही घेऊच नका. मोजता येईल किंवा शेजारी शेजारी ठेवून दाखवता येईल असा छोटा प्रश्न घ्या.

म्हणजे कसा? एक दावा सगळ्यांनी ऐकलेला असतो, ताडपत्रावर सरळ आडवी रेघ ओढली की पान फाटतं म्हणून ओडिया वगैरे लिप्या गोल झाल्या. पटतो लगेच. पण तमिळ पण शतकानुशतकं ताडपत्रावरच लिहिली गेली ना, आणि तिच्यात ट आणि प ची अक्षरं चक्क काटकोनात, आडव्या रेघेसकट आहेत. म्हणजे दावा पूर्ण खोटा असं नाही, पण नुसतं "पानामुळे" म्हणून भागत नाही, लेखणी कुठली, कोरून मग शाई भरायची की थेट शाईने लिहायचं, लेखकाचं वळण कुठल्या परंपरेतलं, हे सगळं बघावं लागतं. असा प्रश्न धरा.

प्रश्न ठरला की एकक ठरवा, आणि हे लिहूनच ठेवा नाहीतर पुढे गोंधळ होतो. कोरियन हांगुलची मूळ अक्षरं २४, पण ती चौकोनात रचून लिहितात आणि युनिकोडमध्ये (संगणकासाठी जगभरच्या अक्षरांना नंबर देणारी यादी) असे ११,१७२ तयार चौकोन आहेत, मग तुम्ही मोजणार काय, अक्षर की चौकोन? अरबीत एकाच अक्षराची शब्दात कुठे येतं त्यानुसार चारपर्यंत रूपं. आपल्याकडे क्ष, ज्ञ आणि बाकीची जोडाक्षरं धरायची का? कुठलंही उत्तर चालेल, पण सगळ्या लिप्यांना तोच नियम लावा.

आता नमुने, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. सगळ्या लिप्यांचे गूगलचे नोटो नावाचे फॉन्ट फुकट मिळतात म्हणून तेच डाउनलोड करून तुलना करतात. पण नोटो बनवतानाच सगळ्या लिप्या एकमेकींशेजारी शोभाव्यात अशी काळजी घेतलीय, मग तुम्ही लिपी मोजताय की डिझायनरची चॉइस? आपल्याच देवनागरीचं बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या जीआरमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण दिलंय. फॉन्ट वापरायचाच तर प्रत्येक लिपीचे तीन-चार वेगवेगळे घ्या, आणि शक्य असेल तिथे हाताने लिहिलेलं घ्या.

मोडीसाठी तर हाताचंच घ्यावं लागतं. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ ला, म्हणजे फॉन्टवर विसंबून तिचा इतिहास सांगताच येणार नाही. पुण्याचं पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि लांब जायची तयारी असेल तर तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय, तिथे मराठा दरबाराचे मोडी कागद आहेत. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन वळणं मिसळू नका, कारण बोरू (बांबूची वगैरे लेखणी) जाऊन टाक (धातूच्या टोकाची लेखणी) आला की रेघेची जाडीच बदलते. मोडी वाचता येत नसेल तर आधी शिकून घ्या, पुराभिलेखवाले वर्ग घेतात. न वाचता नुसतं आकार म्हणून बघितलं तर एक अक्षर कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं तेच कळत नाही.

आता मोजणी. आकार किती गुंतागुंतीचा आहे यासाठी सर्रास वापरतात ते माप सोपं आहे: अक्षराच्या कडांच्या लांबीचा वर्ग, भागिले शाईचं क्षेत्रफळ, आणि त्याला परत ४ गुणिले पायने (π) भागायचं. भरीव गोळा असेल तर १ येतो, आकार जितका वेडावाकडा तितका आकडा मोठा. इमेजजे हे फुकटचं सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. पण अक्षरं टाकायच्या आधी दोन चाचण्या करा. एक भरीव गोळा काढा, उत्तर १ च्या जवळ यायला हवं. मग अर्ध्या त्रिज्येचं भोक असलेलं कडं काढा, उत्तर ३ च्या आसपास हवं, आणि १.३३ आलं तर समजा की सॉफ्टवेअर भोकाची आतली कड धरतच नाहीये, म्हणजे तुमचे व, ब, ठ सगळे चुकणार. इमेज मोठी ठेवा, कमी पिक्सेलमध्ये कडा पायऱ्यांसारख्या होतात नि लांबी फुगते.

दुसरी गोची जाडीची. तेच अक्षर बारीक रेघेत काढलं की आकडा वाढतो, ठळक केलं की कमी होतो, आकार तोच असूनही! म्हणून जाडी आणि उंचीचं प्रमाण सगळीकडे सारखं ठेवा, किंवा रेघेचा नुसता सांगाडा काढून त्याची लांबी मोजा. आणि शिरोरेघ? मोडीत रेघ आधी पानभर ओढून मग तिला अक्षरं टांगायचे, त्यामुळे तिथे ती अक्षरापेक्षा कागदाचा भाग आहे असं माझं मत, देवनागरीत मात्र वाद घालता येईल. दोन्ही प्रकारे मोजून दोन्ही आकडे द्या, सरळ.

आकडे आले म्हणून लगेच "लिप्या काळानुसार सोप्या होतात" असं लिहून मोकळं होऊ नका. लायबेरियात १८३० च्या दशकात मोमोलू दुवालू बुकेले यांनी वाई लिपी तयार केली, तिच्या पिढ्यानपिढ्यांच्या नमुन्यांवर संशोधन झालंय आणि तिथे अक्षरं खरंच सोपी होत गेलेली दिसतात. पण हेलेना मिटॉन आणि ऑलिव्हिए मोरां यांनी १३३ लिप्यांमधली ४७,८८० चिन्हं तपासली तर काळाबरोबर सोपं होण्याचा फारसा पुरावा मिळाला नाही, गुंतागुंत मुख्यतः चिन्ह काय दाखवतं, म्हणजे एकेक ध्वनी, "का"सारखा एका दमात उच्चारायचा तुकडा की अख्खा शब्द, यावर ठरते असं निघालं. दोन्ही बरोबर असू शकतं, एका लिपीचं आयुष्य आणि शंभर लिप्यांची तुलना हे वेगळे प्रश्न आहेत, तुमचा कुठला ते पहिल्या पानावर सांगा.

वाचकांवर चाचणी घेणार असाल तर घ-ध, भ-म, थ-य या जोड्यांपासून सुरू करा, आणि ती लिपी रोज वाचणारे नि अजिबात न येणारे असे दोन गट ठेवा, नाहीतर सवय मोजली की आकार ते सांगता येणार नाही.

बाकी लिखाण काय, नेहमीसारखंच. फक्त दप्तरखान्यातल्या कागदाचे फोटो छापायची परवानगी पहिल्याच भेटीत मागा, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवून फाइलच्या नावात रुमाल नंबर (कागद ज्या कापडी गठ्ठ्यात बांधलेत त्याचा नंबर) टाका.