‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) गाणी न ढकलता कसा बघायचा

डिस्नेचा हा पिक्चर बऱ्याच जणांनी लहानपणी बघितलेला असतो, आणि गाणं लागलं की पाणी प्यायला उठायचं ही आपली जुनी सवय. इथे तसं केलंत तर अर्धी गोष्ट हुकलीच समजा, कारण कथा गाण्यांतच पुढे सरकते.

आधी व्हर्जनचं बघा. २००२ मध्ये परत रिलीज केला तेव्हा ‘ह्यूमन अगेन’ नावाचं एक गाणं वाढवलंय, पहिल्यांदा बघताय तर ते नसलेला मूळ ८४ मिनिटांचा लावा, जास्त घट्ट आहे. ऑडिओ इंग्लिश आणि सबटायटल्स चालू, शब्द फटाफट येतात. सोबत चिमुरडी असतील तर लांडग्यांच्या सीनला आवाज थोडा कमी करा.

पहिलंच गाणं गावातलं आहे. बेल, म्हणजे आपली हिरॉइन, पुस्तक घेऊन चाललीय आणि अख्खा गाव तिच्याबद्दल कुजबुजतोय, म्हणजे कुजबुजतोय कसला, चक्क कोरसमध्ये गातोय. इथे एकदा पॉज करून रंग बघा, निळे कपडे फक्त तिचेच. बाकी गाव तपकिरी, लाल, हिरवा. पुढे बॉलच्या, म्हणजे नाचाच्या, सीनमध्ये बीस्टचा (शापाने राक्षस झालेल्या राजपुत्राचा) कोट कुठल्या रंगाचा आहे तेही बघून ठेवा.

आता गॅस्टनचं, म्हणजे बेलच्या मागे लागलेल्या गावातल्या बढाईखोर शिकाऱ्याचं, दारूच्या गुत्त्यातलं गाणं. भयंकर विनोदी आहे, आपण हसत बसतो आणि तिथेच फसतो. कारण थोड्याच वेळात त्याच चालीवर तो बेलच्या बापाला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचा प्लॅन करतो, आणि शेवटाकडे तोच माणूस त्याच गावाला मशाली घेऊन बीस्टच्या वाड्यावर नेतो. पिक्चर संपल्यावर गावाचं गाणं, गुत्त्याचं गाणं आणि मशालींचं गाणं लागोपाठ ऐका. माणसं तीच आहेत हो! ‘ही पोरगी जरा विचित्रच’पासून ‘मारा त्याला’पर्यंत ती कशी पोचतात ते या तीन गाण्यांत आहे, आणि माझ्या मते पिक्चरचा खरा व्हिलन गॅस्टनपेक्षा तो कोरसच.

‘बी अवर गेस्ट’ला ताटवाट्या नाचतात (शापाने वाड्यातले नोकर वस्तू झालेत), मजा घ्या. पण हे गाणं आधी बेलच्या बापासाठी ठरलं होतं, मग लक्षात आलं की एवढं मोठं गाणं हिरॉइनला सोडून बापावर कशाला खर्च करायचं, आणि ते तिच्याकडे वळवलं. म्हणून प्रत्येक गाण्याला विचारत जा, हे नेमकं कोणासाठी चाललंय?

बीस्ट पूर्ण पिक्चरमध्ये एकदाच गातो, तेही मनातल्या मनात, ‘समथिंग देअर’मध्ये. त्याच्या आधी-मधे जेवणाचा सीन येतो, तो बारकाईने बघा. त्याला चमचा धड धरता येत नाही, मग बेल आपला चमचा ठेवून सरळ बाऊल तोंडाला लावायला उचलते, आणि मग तोही. डायलॉग लागतच नाही.

बॉलरूममध्ये दालन कॉम्प्युटरवर केलेलं आणि माणसं हाताने काढलेली, म्हणून कॅमेरा झुंबराजवळून तसा फिरू शकतो. गाते कोण, तर चहाची किटली. दोघं गप्प.

एंड क्रेडिट्स बंद करू नका. गीतकार हॉवर्ड ॲशमन मार्च १९९१ मध्ये गेला, पिक्चर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लागला, शीर्षकगीताचं ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळालं. शेवटी त्याच्या नावाने अर्पण केलेल्या ओळी आहेत.

मूळ फ्रेंच परीकथा पिक्चरनंतरच वाचा, बोमाँबाई या फ्रेंच लेखिकेची १७५६ ची छोटी आवृत्ती घ्या, एका बैठकीत होते. त्यात गॅस्टन शोधू नका, सापडणार नाही. त्याच्याऐवजी दोन जळकुट्या बहिणी आहेत, ज्या बेलला निरोप देताना रडू यावं म्हणून डोळ्यांना कांदा चोळतात.