घरात अचानक कुणी गेलं तर: एडीआर, पंचनामा आणि पीएम

कळवा असो की कोपरखैरणे, सोसायटीत कुणी अचानक गेलं की पहिला सल्ला हाच मिळतो की पोलिसांच्या भानगडीत पडू नका, ओळखीच्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट घ्या आणि उरकून टाका. प्लीज असं करू नका. माणूस आजारी होता, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला सगळी हिस्ट्री माहितीये आणि मरण नैसर्गिक आहे, तर डॉक्टर फॉर्म ४ए, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात आणि विषय तिथेच संपतो. पण पडून, शॉक लागून, भाजून, विषाने, गळफासाने, अपघातात गेला असेल किंवा धडधाकट माणूस काही कारण नसताना गेला असेल तर ११२ ला फोन करायचा. रेल्वे ट्रॅकवर झालं असेल तर केस लोहमार्ग पोलिसांकडे जाते.

पोलीस येईपर्यंत खोली आवरू नका. ताट, ग्लास, औषधांच्या स्ट्रिप्स, चिठ्ठी, मोबाईल, सगळं जसंच्या तसं राहू द्या. बॉडीला आंघोळ घालायची घाई तर अजिबात नको. जीव आहे अशी थोडी जरी शंका असेल तर मात्र हॉस्पिटल आधी, बाकी सगळं नंतर.

मग पोलीस एडीआर घेतात, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. ही एफआयआर नाही, कुणावर आरोप नाही, हे घरातल्या मोठ्यांना आधी समजावून सांगा कारण निम्मी घाबरगुंडी त्यामुळेच असते. पूर्वी हा कायदा सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७४ होता, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १९४ आहे. सिनेमात दिसतो तो कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा खास अधिकारी, मुंबईत १९९९ पर्यंत होता, ठाण्याला तो कधीच लागू नव्हता, आपल्याकडे हे काम पोलीस आणि मॅजिस्ट्रेटच करतात.

मरणोत्तर पंचनाम्याला आजूबाजूचे दोन तरी पंच लागतात. शेजारी दार लावून घेतात, ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण पंचाने फक्त समोर दिसतं ते नीट लिहिलंय का एवढंच बघायचं असतं. अंगावरच्या जखमा, वळ, कपडे, दागिने, मृत्यूचं वरवर दिसणारं कारण, हे सगळं त्यात येतं. सही करण्याआधी पूर्ण वाचा, वेळ किंवा नाव चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, नंतर इन्शुरन्सवाले त्याच एका अक्षरावर अडवतात. जबाबाचंही तेच, आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, की या चौकशीसाठी बाईमाणसाला किंवा साठीच्या पुढच्या माणसाला स्टेशनला बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं असतं.

पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, सहसा सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात होतं. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर पोलिसांना बॉडी पीएमला पाठवावीच लागते. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली आणि तिच्या नातेवाईकाने मागणी केली तरी पीएम होतंच. त्या सात वर्षांत तिने आत्महत्या केली असेल किंवा कुणी गुन्हा केल्याचा वाजवी संशय असेल तर मॅजिस्ट्रेटची चौकशीही लागते, प्रत्यक्षात बऱ्याचदा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतात. माहेरच्यांनी हे लक्षात ठेवा आणि मागणी लेखी द्या, तोंडी बोलणं कुठेच राहत नाही. कोठडीतल्या मृत्यूची मॅजिस्ट्रेट चौकशी वेगळी होते, त्यात नातेवाईकांना कळवायचं आणि हजर राहू द्यायचं असं कायदाच सांगतो.

सूर्यास्तानंतर पीएम होतच नाही ही समजूत जुनी झाली. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असेल तिथे रात्रीही करता येतं, फक्त खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली बॉडी आणि घातपाताचा संशय असलेल्या केसेस सहसा सकाळपर्यंत थांबतात. डोळे दान करायचे असतील तर सहा तासांची मर्यादा असते, म्हणून पोलिसांना आणि डॉक्टरांना पहिल्या बोलण्यातच सांगा.

बॉडी मिळाल्यावर कागदावर कधी कधी लिहिलेलं असतं की व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवलाय, मृत्यूचं कारण नंतर कळवू. म्हणजे नमुने फॉरेन्सिक लॅबला जाणार, आपल्या भागातून बहुतेक मुंबईत कालिन्याला, आणि रिपोर्टला महिने लागू शकतात. म्हणून निघतानाच एडीआर नंबर, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि व्हिसेरा कधी पाठवणार ते वहीत लिहून घ्या, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत पालिकेत झालीये का ते तपासा आणि अंतिम रिपोर्टसाठी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.