वृद्धाश्रम बघायला गेलात की बाग नको, आधी बाथरूम बघा (आमच्या चुका, तुम्ही टाळा)

आईला कुठेतरी ठेवावं लागणार हे पक्कं झाल्यावर मी आणि भावाने मिळून पुण्याच्या आसपासची सात ठिकाणं बघितली, आणि आता लाज वाटते सांगायला पण त्यातल्या सहा ठिकाणी आम्ही बघितलं काय तर लॉन, कमानीवरची बोगनवेल, गणपतीचं देऊळ आणि भजनाचा हॉल. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊनही चार पावलांत दमायची, शिवाय विसरण्याचं सुरू झालेलं. ती कुठली लॉनवर फेऱ्या मारतेय! ती बाग आमच्यासाठी होती, मनाला बरं वाटायला आणि मामा-मावश्यांना फोटो पाठवायला.

तिला खरं काय लागणार होतं? रात्री तीनला बाथरूमला जाताना धरायला माणूस. कमोडच्या बाजूला दांडा, कोरडी फरशी, व्हीलचेअर आत जाईल एवढा दरवाजा. म्हणून पहिलं सांगणं हेच की ऑफिसमध्ये चहा देतात तो घ्या पण मग सरळ बाथरूम बघायला मागा, तेही सॅम्पल रूमचं नाही, ज्यात कुणीतरी राहतंय त्या खोलीचं (त्या आजी-आजोबांना विचारून अर्थात). आणि विचारा, रात्री किती जणांमागे किती मावशी (म्हणजे सांभाळणाऱ्या बायका) असतात? "स्टाफ चोवीस तास असतो" हे उत्तर नाही, आकडा घ्या. आम्ही एका ठिकाणी फारच मागे लागलो तेव्हा कळलं की रात्री तीन मजल्यांना मिळून एक मावशी आणि एक वॉचमन.

दुसरं म्हणजे अपॉइंटमेंट घेऊन एकदाच जाऊ नका. एकदा रविवारी दुपारी जा, एकदा संध्याकाळी सहा-सातला. जमलं तर गणपतीत किंवा दिवाळीत चक्कर टाका, कारण तेव्हा निम्म्या मावश्या गावी गेलेल्या असतात आणि ती जागा खरी कशी चालते ते तेव्हाच दिसतं. वास येतोय का, हाक मारल्यावर कोण किती वेळाने येतं, जेवण भरवताना घाई करतायत का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

डिस्चार्जच्या दिवशी शोधायला लागणं

ही बहुतेक सगळ्यांची चूक. हॉस्पिटलवाले शुक्रवारी संध्याकाळी सांगतात उद्या घेऊन जा, घरी तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, मग रात्रभर गूगल आणि जे पहिलं "हो, बेड आहे" म्हणेल ते फायनल. आई-वडील पंच्याहत्तरीच्या पुढे गेले की काही झालेलं नसतानाही दोन-तीन जागा बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी महिनाभराचा शॉर्ट स्टे मिळतो, तो घेऊन बघा, कायमचं डिपॉझिट नंतर.

आणि नावांनी गोंधळू नका. साधा वृद्धाश्रम म्हणजे बहुतेकदा ट्रस्टचा, खर्च कमी, पण स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे आंघोळ, औषधं, डायपर, भरवणं हे सगळं करणारं. सीनियर लिव्हिंग म्हणजे तर चक्क फ्लॅट, विकत घ्यायचा, तो बिल्डरचा प्रोजेक्ट असतो. महारेराने (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) अशा प्रोजेक्टसाठी २०२४ मध्ये वेगळे नियम काढलेत पण ते बांधकामाचे, तिथे आईला आंघोळ कोण घालणार हा प्रश्न तसाच राहतो. तेव्हा फोनवर पहिलंच विचारा: बेडरिडन झाल्यावर, म्हणजे अंथरुणाला खिळल्यावर ठेवता का? डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) वाढला तर? बरेच जण आज घेतात आणि वर्षभराने म्हणतात, "आता आजींना तुम्ही घेऊन जा."

पैसे

महिन्याचा जो आकडा सांगतात तो सुरुवातीचा असतो. डायपर वेगळे, औषधं वेगळी, फिजिओ वेगळा, हॉस्पिटलला नेलं की गाडी आणि सोबतच्या माणसाचे वेगळे, अवलंबून राहणं वाढलं की स्लॅब बदलतो. मागच्या महिन्याचं एखादं खरं बिल नाव झाकून दाखवा म्हणा. डिपॉझिट किती दिवसांत परत, महिन्याच्या मधेच माणूस गेलं तर उरलेले पैसे परत की नाही, हे लेखी घ्या. तोंडी काही नको.

आणखी एक गैरसमज, ७० च्या पुढच्यांना आयुष्मान भारतचं जे ५ लाखांचं कव्हर २०२४ पासून मिळतंय ते हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, आश्रमाच्या फीसाठी नाही. पण कार्ड काढून ठेवाच.

कागदपत्रं, इथे आम्ही सगळ्यात जास्त आपटलो

आईची सही चालत होती तोवर आम्ही काहीच केलं नाही. मग वाटलं पॉवर ऑफ ॲटर्नी करू, म्हणजे तिच्या वतीने आम्हाला सही करता येईल. तर वकिलांनी सांगितलं की ज्याला समजत नाही त्याची पॉवर ऑफ ॲटर्नी होत नाही, आणि आधी केलेली असली तरी त्या व्यक्तीची समज गेली की कायद्याने ती संपते (हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे). नंतर कोर्टातून गार्डियनशिप (तिच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार) घ्यायची, म्हणजे वेळ आणि वैताग. त्यामुळे डोकं शाबूत आहे तोवर बँकेचं खातं जॉइंट करा, नॉमिनी बघा, मृत्युपत्र करा. व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर ते लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर होतं. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला कोण करणार ते ठरवून ठेवा, मोबाईलवर चेहरा दाखवून होतो आता.

मुलं परदेशात असतील तर आश्रम लोकल गार्डियन मागतो. नुसतं नाव देऊन मोकळे होऊ नका, त्या चुलतभावाला विचारा तरी की रात्री दोनला फोन आला तर येशील का बाबा! अवघड वाटतं पण हेही विचारा की आश्रमातच वारले तर मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतात आणि मुलं विमानाने येईपर्यंत काय सोय.

न्यायच्या दिवशी

"दोन दिवसांसाठी जातोय गं" असं सांगून आम्ही आईला नेलं. चूक. दोन दिवसांनी ती पिशवी भरून दारात बसली आणि पुढचे तीन आठवडे रोज बसत होती. ज्यांना समजतंय त्यांना खरं सांगा, रडतील, भांडतील, पण तुमच्यावरचा विश्वास तरी राहील. विसरणाऱ्यांचं जरा वेगळं आहे, त्यांना रोज नव्याने "आता हेच तुझं घर" सांगणं म्हणजे रोज नव्याने जखम, तिथे वाद न घालता "घरी कोण कोण असायचं गं?" असं विचारून त्या घराबद्दल बोलू द्यायचं, पाच मिनिटांत गाडी दुसरीकडे वळते.

सामान नवीन घेऊ नका. जुनी गोधडी, रोजचा स्टीलचा पेला, देवातला बाळकृष्ण हे सगळं न्या, सोनं अजिबात नको. कपड्यांवर, चष्म्याच्या केसवर, कवळीच्या डबीवर नाव घाला, कारण कवळ्या हरवतात आणि मग माणूस जेवत नाही आणि सगळे म्हणतात मनाला लावून घेतलंय. पहाटे पाचला चहा लागतो, भात मऊ लागतो, डाव्या कानाने ऐकू येत नाही, असं सगळं एका कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटवा.

गेल्यावर बिनसलं तर

संध्याकाळ झाली की चिडचिड, घरी ने घरी ने, हे डिमेन्शियात बऱ्याचदा होतं, त्या वेळेला दिवे लवकर लावायला सांगा आणि भेटायला सकाळी जा. पण दोन दिवसांत अचानक बरळायला लागले, ओळखेनासे झाले तर "वय झालं" म्हणून सोडू नका, लघवीचं इन्फेक्शन आणि रक्तातलं सोडियम आधी तपासायला लावा. आमच्याकडे सोडियमच निघालं. वजन दर महिन्याला विचारा. पाठ, टाचा स्वतः बघा, लाल डाग दिसला की तेव्हाच बोला, बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) एकदा चिघळला की फार हाल होतात.

मावशींशी गोड राहा पण तक्रार मॅनेजरला लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना. ऐकतच नसतील तर १४५६७ ही सरकारी एल्डर लाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट. आणि सरळ जागा बदला. लोक काय म्हणतील, एवढं डिपॉझिट भरलंय, यात आम्ही चार महिने घालवले.

आता आई आहे तिथे लॉन नाही. गच्चीवर दोरीवर कपडे वाळत असतात आणि रोज कुणाचा टॉवेल कुणाच्या कपाटात गेला याचा हिशोब ती खुर्चीत बसून ठेवते, मावश्यापण तिलाच विचारतात.